सॅक पुढे, पक पुढे

[पहाट. नेरुळमधला सिमेंटचा रिंक. चाकांची घरघर.]

नवी मुंबईत बर्फ बघायचा तर गोळेवाल्याकडे, नाहीतर मासळी बाजारात. तरी इथली पोरं आइस हॉकीचे धडे गिरवतायत, पायात चाकांचे इनलाइन स्केट्स चढवून. 2025 मध्ये भारताच्या महिला संघानं अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्य मिळवलं. तो संघ मुख्यतः लडाख-हिमाचलचा, गोठलेल्या तळ्यांवर घडलेला. इथं तळं गोठायची वाट कोण बघणार?

बर्फावरचा पक म्हणजे कडक रबराची चकती, अडीच सेंटिमीटर जाड, साधारण 160 ग्रॅमची. उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात. इथला पक त्याहून हलका, प्लास्टिकच्या बारीक गुंड्या बसवलेला. नाहीतर सिमेंटवर सरकेल कसा?

[कोपऱ्यात दोघी. एकीकडे पक, दुसरी पाठीशी.]

"अगं, लोकलमध्ये मागून रेटतात तेव्हा सॅक कुठे असते तुझी?"

"पुढे, सर."

"मग पक का मागे सोडलास?"

एवढं पुरलं. गुडघे वाकले, पाय फाकले, कंबर मधे आली. पक पलीकडे, काठीच्या पात्याशी. आता तिचा वरचा हात बघा. तो पोटाला चिकटला की काठी अडते. अंगापासून सुटा हवा. मोकळ्या हातानं आडोसा केलेला चालतो. समोरच्या खेळाडूला धरलंत, तर सामन्यात दोन मिनिटं बाहेर.

पण पक टिकला की सोडवत नाही, हा खरा रोग. मान खाली, जग गायब. म्हणून सर समोर उभे राहून बोटं दाखवतात. धक्के खात आकडा ओरडायचा, मग पास. पहिल्यांदा मान वर झाली, पक गेला. दुसऱ्यांदाही. चौथ्यांदा आवाज आला, "तीन!"

पास देताना पकला फटका नको. 'टप्प' वाजलं की बिघडलं. पक पात्याच्या टाचेपासून टोकाकडे लोटत न्यायचा, मनगट वळवायचं. घेणाऱ्यानं झेल घेताना जसे हात मागे नेतो, तशी काठी किंचित मागे न्यायची. ताठ ठेवली की पक उडालाच.

[संथ गतीत: पास.]

पास सरळ, सुरेख. मैत्रिणीची काठी मात्र हवेत.

पक जाळीखालून पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी स्कूटीखाली. चाकांवरच्या चार पोरी आता सिमेंटवर पालथ्या.