डग्गा कुठे गेला?

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय हेडफोन. कानात खुपसायची बोंडं नव्हेत, अख्खा कान झाकणारे, वाट्या मागून बंद असलेले. दुकानात ‘क्लोज्ड-बॅक’ म्हणून मागायचे. हॉलमध्ये मालिका रडत असताना आतल्या खोलीत गाणं ऐकायचं, तर हेच बरे. बजेट धरू पाच-सहा हजारांचं.

आधी माझी फजिती सांगतो. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली बऱ्याच जणांना माहीत असेल. तिथून असे हेडफोन आणले आणि घरी येऊन लावलं तबल्याचं एकल वादन. तीनताल. मी लहानपणी चार वर्षं तबला शिकलोय, म्हणजे वाजवता येत नाही, पण चुका काढता येतात. ऐकतो तर काय, डग्गाच गायब! उजव्याची चाट टणटणतेय आणि डावा कुणी उशीखाली दाबून धरल्यासारखा. ‘धा’चा ‘ता’ झालेला, ‘धिं’चा ‘तिं’. सोळाच्या सोळा मात्रा खालीच, म्हणजे डग्ग्याविना! तसंही आपल्याकडे सगळी वाहवा उजव्या हाताला. मनगट घासून ती घुमक काढायला किती वर्षं जातात, हे डाव्याला कोण विचारतो? असो.

दुसऱ्या दिवशी तावातावाने दुकानात. ‘बदलून द्या!’ काउंटरवरच्या आजोबांनी हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले, माझ्याच फोनवर तोच तीनताल ऐकला, समेला मान हलवली आणि मला म्हणाले, ‘चष्मा काढा.’ मला वाटलं, आता प्रकरण हातघाईवर येतंय. काढला. त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर बसवले आणि काय सांगू, डग्गा आला हो! पोटातून घुमत आला. चष्मा घातला, गेला. काढला, आला. तीनदा करून पाहिलं. मागे चार्जरसाठी ताटकळलेला मुलगा हसायला लागला.

माझ्या चष्म्याच्या काड्या जाड. त्या हेडफोनची गादी उचलून धरत होत्या, फट पडत होती. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, तसंच हे. खर्जाला वाटीतली हवा कोंडलेली लागते. फट पडली की आधी खर्ज पळतो, वरचे सूर जागेवर राहतात. म्हणून पुन्हा सांगतो, गादी कानाभोवती चहूबाजूंनी टेकली पाहिजे. चष्मा असेल तर चष्म्यासकट लावून बघा. गादी टेकली पाहिजे!

बाकीचं भराभर सांगतो. खोक्यावर ओमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा असतो, तो वाचा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओममध्ये येतो. तो आपल्या बजेटच्या वरचा, पण फरक कळावा म्हणून सांगतो: २५० वाला थेट फोनला लावला तर आवाज बारीकच राहणार. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स ४७ ओमचा, फोनवर सुखाने चालतो. फक्त त्याची ३ मीटरची वायर कायमची जोडलेली आहे. पंख्याच्या रेग्युलेटरपर्यंत लोळते, आणि तुटली तर सोल्डरिंग आलं. त्याच घरातल्या एम४०एक्सची वायर काढता येते, पण पैसे जास्त. फोनला जॅकच नसेल तर टाइप-सीचा छोटा डोंगल घ्या. चांगली असलेली भोकं बुजवून वर त्याला प्रगती म्हणणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. आणि गाद्या बदलून मिळतात का, ते विचाराच. दोन-तीन पावसाळ्यांत रेक्झिनचे पोपडे कानामागे चिकटायला लागतात.

हां, आजोबांच्या दुकानातून मी निघालो तो थेट चष्म्याच्या दुकानात गेलो. बारीक काड्यांची फ्रेम घेतली. हेडफोनच्या दीडपट महाग पडली.