रुग्णाला माहिती दिली, याचा पुरावा काय?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर ‘रुग्णशिक्षणावरील संशोधनाची आखणी’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु आखणीआधी एक गोष्ट मला मनापासून मांडायची आहे, कारण तीच मान्य झाली नाही, तर पुढची सगळी आखणी वाया जाते, असे माझे ठाम मत आहे. रुग्णाला काय सांगितले याची नोंद आपण काटेकोरपणे ठेवतो. तो घरी जाऊन त्यातले काय करू शकतो, याची नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते. आणि ज्याची नोंद ठेवायची सवय नाही, ते संशोधनातही मोजायचे राहून जाते.

विसरण्याचा मुद्दा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेचच विसरतात आणि जे लक्षात राहते त्यातलेही जवळजवळ निम्मे चुकीचे असते, असे त्यांनी नोंदवले. हे आकडे परिषदांमध्ये नेहमी पडद्यावर येतात आणि त्यावरून निष्कर्ष असा काढला जातो, की स्मरणशक्ती कमी पडते, तेव्हा रुग्णाच्या हाती छापील पत्रक द्यावे. हा निष्कर्ष मला फार घाईचा वाटतो. लक्षात राहिलेली गोष्टसुद्धा हातून घडेलच असे नाही, आणि त्या दोहोंमधले अंतर पत्रकाने भरून निघत नाही.

हे अंतर किती मोठे असते, ते २००६ मध्ये टेरी डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ३९५ रुग्णांवर केलेल्या अभ्यासातून दिसते. औषधाच्या बाटलीवर ‘दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा तोंडावाटे घ्याव्यात’ अशी साधी सूचना होती. साक्षरता कमी असलेल्या गटातील सुमारे ७१ टक्के रुग्णांनी ती सूचना बरोबर सांगितली. मग त्यांना दिवसभरात किती गोळ्या घ्याल, ते मोजून दाखवायला सांगण्यात आले, तेव्हा बरोबर चार गोळ्या मोजणारे निघाले सुमारे ३५ टक्के. माणसे तीच, बाटली तीच, वेळही तीच. फक्त विचारण्याची पद्धत बदलली आणि यशाचा आकडा निम्म्यावर आला. संशोधकांनी पहिल्याच प्रश्नावर थांबायचे ठरवले असते, तर तोच अभ्यास ‘बहुसंख्य रुग्णांना लेबल समजते’ असा निर्वाळा देऊन मोकळा झाला असता.

या सभागृहात ज्यांनी कधी ना कधी रुग्णाला इनहेलर वापरायला शिकवले आहे, त्यांनी कृपया हात वर करावेत. बरेच हात दिसत आहेत. आता ज्यांची व्यासपीठावर येऊन, सर्वांसमोर, एकही पायरी न चुकता तो वापरून दाखवण्याची तयारी आहे, त्यांनीच हात वर ठेवावेत. आपण हसलात, त्याअर्थी मुद्दा पोहोचला आहे. झाकण काढायचे, डबी हलवायची, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, संथ श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच दाबायचे, श्वास खोल भरेपर्यंत घेत राहायचे आणि दहाएक सेकंद रोखून धरायचा. यातली एक पायरी जरी मागेपुढे झाली, तरी फुप्फुसात पोहोचणारे औषध कमी होऊ शकते. १९७५ ते २०१४ या चार दशकांतील अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात इनहेलर अचूक वापरणारे रुग्ण सुमारे ३१ टक्के आढळले आणि या चाळीस वर्षांत त्यात म्हणण्यासारखी सुधारणा झालेली नव्हती. २०१८ च्या दुसऱ्या आढाव्यात हीच परीक्षा आरोग्यसेवकांची पाहिली गेली. त्यांच्यात अचूक वापराचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. रुग्णाच्या आकलनाबद्दल तक्रार करण्याआधी हा दुसरा आकडा आपण समोर ठेवला पाहिजे.

आता एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगते. अध्यक्षांनी मला तेवढी सवलत द्यावी. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेले एक वयस्कर गृहस्थ एका रुग्णालयातून बरे होऊन घरी गेले. जाताना त्यांना रोज सकाळी वजन करून वहीत लिहायला सांगितले होते. आपण सारे जाणता, की अशा रुग्णाच्या शरीरात पाणी साचू लागले, की दम लागण्याच्या आधीच काट्यावर वजन वाढलेले दिसते, म्हणून तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर ताबडतोब कळवायचे असते. काही आठवड्यांनी हे गृहस्थ पाय सुजलेल्या आणि आडवे झाले की श्वास कोंडणाऱ्या अवस्थेत पुन्हा दाखल झाले. त्यांच्या केसपेपरवर परत येण्याचे कारण लिहिले होते: ‘सूचनांचे पालन केले नाही.’

मी त्यांच्याशी बोलायला गेले, तेव्हा त्यांनी उशीखालून वही काढली. सुवाच्य अक्षर होते, डावीकडे तारीख, उजवीकडे वजन, एकही दिवस सुटलेला नव्हता, आणि शेवटच्या पानावर आकडे पायरीपायरीने चढत गेलेले होते: ५८, ५८.५, ५९.५, ६१. ती चढण बोटाने दाखवत ते समाधानाने म्हणाले, ‘पाहा ना, आता कुठे अंगाला लागायला लागलं होतं.’ दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाचे वजन वाढले, की घरातल्या सर्वांना आनंद होतो. त्यांच्याही घरी तो झाला होता आणि तो अगदी स्वाभाविक होता. वजन करा, असे त्यांना सांगितले होते. ते कशासाठी करायचे आणि किती वाढले की धावपळ करायची, हे एकतर सांगायचे राहून गेले होते किंवा निघण्याच्या गडबडीत इतर दहा सूचनांखाली दबून गेले होते. जे कानावर पडले, ते त्यांनी अक्षरशः पाळले होते.

मला खंत आहे ती पुढच्या गोष्टीची. त्यांच्या आधीच्या कागदपत्रांत ‘रुग्णास व नातेवाइकांस माहिती दिली’ या ओळीसमोर बरोबरची खूण होती आणि खाली रुग्णाची सही होती. रुग्णालयाच्या अंतर्गत तपासणीत ती फाइल परिपूर्ण ठरली होती. म्हणजे शिकवण्याच्या बाजूने सर्व काही यथासांग पार पडल्याची नोंद झाली आणि शिकण्याच्या बाजूने ‘पालन केले नाही’ असा ठपका ठेवला गेला. ज्या माणसाने रोज न चुकता वही लिहिली, त्याच्यावर हा ठपका! वही पाहण्याची तसदी कोणी घेतली असती, तर तो लिहिण्याची हिंमत झाली नसती. मी हे रागाने बोलते आहे आणि तो राग मला लपवायचा नाही. त्या ओळीसमोरच्या खुणेने फक्त एवढेच सिद्ध होते, की कोणीतरी खूण केली.

आपण ‘समजले का?’ असे विचारतो आणि रुग्ण मान डोलावतो. डॉक्टर उभे आहेत, मागे रांग आहे, नातेवाईक घाईत आहेत. अशा वेळी ‘नाही’ म्हणायला धैर्य लागते. याला पर्याय आहे आणि तो नवा नाही. ‘मी नीट सांगितले की नाही, हे मला पाहायचे आहे; घरी गेल्यावर वजन वाढलेले दिसले, तर तुम्ही काय कराल, ते मला सांगाल का?’ असे विचारायचे, उत्तर चुकले तर वेगळ्या शब्दांत पुन्हा समजवायचे आणि पुन्हा विचारायचे. वस्तू असेल, तर ती हातात देऊन करून दाखवायला सांगायचे. यात परीक्षा सांगणाऱ्याची असते, हे रुग्णाला पहिल्याच वाक्यात कळते आणि त्यामुळे तो संकोचत नाही.

डीन शिलिंजर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कमी आरोग्य-साक्षरता असलेल्या मधुमेही रुग्णांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या मुद्द्यांपैकी केवळ १२ टक्के मुद्द्यांबाबत रुग्णाला काय उमगले, याची चाचपणी झाली होती. ज्यांच्या डॉक्टरांनी ती केली, त्यांच्या रक्तातील साखर आटोक्यात असण्याची शक्यता अधिक होती आणि अशा भेटींना जास्त वेळही लागला नव्हता. अभ्यास लहान आहे आणि त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ‘आम्हाला वेळ कुठे आहे’ हे उत्तर आता पुराव्याशिवाय देता येणार नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा आखणीचे मुद्दे भराभर घेते.

अभ्यासाचा मोजायचा परिणाम म्हणून रुग्णाच्या समाधानाला गुण देणे थांबवावे. बहुतेक रुग्ण समाधानी असल्याचेच सांगतात, त्यामुळे फरक दिसायला जागाच उरत नाही. ज्ञानाची प्रश्नावली पुरवणी म्हणून ठेवावी. मुख्य परिणाम कृतीचा किंवा आरोग्याचा असावा आणि त्याची मोजणी शिकवलेल्या दिवशी नव्हे, तर काही आठवड्यांनी आणि शक्यतो घरी व्हावी.

एकाच वॉर्डात अर्ध्या रुग्णांना नव्या पद्धतीने आणि अर्ध्यांना जुन्या पद्धतीने शिकवायचे ठरवले, तर तीच परिचारिका दोन्हीकडे असते आणि शिकलेले कौशल्य ती एका खाटेपाशी विसरू शकत नाही. म्हणून चिठ्ठ्या रुग्णांच्या न टाकता वॉर्डांच्या किंवा केंद्रांच्या टाकाव्यात आणि नमुन्याचा आकार त्या हिशेबाने वाढवावा.

ठरलेली पद्धत प्रत्यक्षात वापरली गेली का, हे स्वतंत्रपणे पाहावे. शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-तपासणी यादीचा, म्हणजे ठरावीक गोष्टी तपासून त्यांसमोर खूण करण्याच्या यादीचा, २००९ चा आठ रुग्णालयांतील अभ्यास आपण सर्वांनी वाचला आहे. त्यात मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी ती यादी लागू केली आणि २०१४ च्या अहवालात लक्षणीय फरक आढळला नाही, जरी रुग्णालयांनी स्वतः कळवलेला वापर जवळजवळ पूर्ण होता. कारणांबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते कळवलेला वापर आणि खरा वापर यांतील फरक हे त्यातले मोठे कारण आहे. त्या गृहस्थांच्या फाइलवरील खूण याच जातीची होती.

एकत्रित उपाय तपासताना त्यातला कोणता घटक काम करतो, याचा विचार आधीच करावा. बोस्टनमधील २००९ च्या चाचणीत घरी जाताना परिचारिकेने वेळ काढून समजावणे, रुग्णाला स्वतंत्र पुस्तिका देणे आणि दोन-चार दिवसांत औषधतज्ज्ञाने फोन करणे, असा संच होता. पुढील तीस दिवसांत रुग्णालयात परतण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. निकाल उत्तम आहे. पण अपुऱ्या मनुष्यबळाच्या रुग्णालयाने यातले आधी काय उचलावे, हे त्यावरून ठरत नाही.

ज्यांना संमतिपत्र वाचता येत नाही, त्यांना अभ्यासातून वगळू नये. ज्यांच्यासाठी उपाय शोधायचा, तीच माणसे पहिल्या गाळणीत बाहेर पडली, तर उरलेल्यांवरचे निष्कर्ष त्यांना लागू पडत नाहीत.

आणि सार्वजनिक आरोग्याबद्दल, ज्याला खरे तर स्वतंत्र व्याख्यान हवे: नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात स्त्रियांचे गट दरमहा भरवले गेले. गट चालवणारी स्त्री आरोग्यसेविका नव्हती आणि तिने भाषण करणे अपेक्षितही नव्हते. बाळंतपणातल्या अडचणी कोणत्या आणि त्यावर आपण काय करू शकतो, हे स्त्रियांनीच ठरवायचे होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नवजात बालमृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. २०१३ मध्ये अशा सात चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा गरोदर स्त्रियांपैकी किमान ३० टक्के जणी गटात येत होत्या तिथे परिणाम अधिक ठळक होता. म्हणून गावपातळीवरील प्रत्येक अभ्यासात किती पत्रके वाटली यापेक्षा किती जणी आल्या आणि त्यांच्यातल्या किती बोलल्या, हा आकडा पहिल्या तक्त्यात असावा.

तरुण संशोधकांना माझी विनंती आहे, की आपला आराखडा नीतिशास्त्र समितीकडे पाठवण्याआधी तो दोन-तीन रुग्णांसमोर ठेवावा आणि त्यांच्या मते काय मोजायला हवे, ते लिहून घ्यावे. राहिलेल्या वेळात मी प्रश्न घेते.