घराची किंमत आणि घर उभारायचा खर्च

(दृश्य: राखेत एकटं उभं राहिलेलं धुराडं. शेजारी काँक्रीटच्या चार पायऱ्या. वर दार नाही.)

३० डिसेंबर २०२१. अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य. गवताळ माळावर लागलेली आग ताशी १६० किलोमीटरच्या वाऱ्यावर बोल्डर काउंटीतल्या लुईसव्हिल आणि सुपीरियर या शहरांत शिरली. काही तासांत हजारावर घरं जळाली. दुसऱ्या दिवशी तिथे बर्फ पडला.

बहुतेक घरांचा विमा होता. तरी पुढच्या महिन्यांत अनेकांनी पॉलिसीतली विमा रक्कम आणि कंत्राटदाराने सांगितलेला खर्च शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा त्यांच्या पोटात गोळा आला: रक्कम तोकडी होती.

(दृश्य: जळालेल्या प्लॉटवर मोजणीची टेप.)

घर विकायला काढलं तर किती येतील, हे प्रत्येकाला माहीत असतं. त्या किमतीत जमीन धरलेली असते, परिसर धरलेला असतो. जमीन मात्र जळत नाही, आणि घराच्या विम्यात तिला जागाही नसते. विम्याला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: हेच घर, याच जागी, आजच्या मजुरीत आणि आजच्या मालात पुन्हा उभं करायला किती लागतील? हा आकडा बाजारभावापेक्षा कमी निघू शकतो. जुन्या, कोरीवकामाच्या घराचा तो बाजारभावाच्या वरही जातो.

आणि तो ठरतो शांत दिवशी. कधी तर फोनवर, पाच मिनिटांत.

एक घर जळालं तर कंत्राटदार तुमच्या दारात येतो. हजार जळाली की हजार घरमालक त्याच्या दारात उभे राहतात. गवंडी तेवढेच, सुतार तेवढेच, भाव मात्र चढतात. शिवाय त्याच वर्षी, मे महिन्यात, अमेरिकेत इमारती लाकडाचे भाव विक्रमी पातळीला गेले होते. जुन्या आकड्यावर चाललेल्या पॉलिसीला याची खबर नव्हती.

(दृश्य: पॉलिसीची पानं उलटताना हात.)

ही दरी बुजवायला काही जादा कव्हर मिळतात. हप्ता थोडा वाढतो, आणि ती बहुधा मागून घ्यावी लागतात. सगळ्यात साधं म्हणजे विमा रक्कम दर वर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढवत नेणारं. नेहमीच्या महागाईला ते पुरतं. वणव्यानंतरच्या भाववाढीला नाही.

त्यापुढचं कव्हर म्हणजे विस्तारित पुनर्बांधणी. खर्च विमा रकमेबाहेर गेला, तर वर आणखी २५ टक्के, काही ठिकाणी ५० टक्क्यांपर्यंत. आणि सगळ्यात वरचं, हमी असलेली पुनर्बांधणी: पूर्वीसारखं घर उभं करायला जो खर्च येईल तो. हे सगळ्या कंपन्या देत नाहीत. कोलोरॅडोच्या विमा विभागाने त्या आगीत पूर्ण नष्ट झालेल्या घरांच्या ९५१ पॉलिसी तपासल्या. हमीचं कव्हर त्यांपैकी जेमतेम ८ टक्क्यांकडे होतं.

न्यूझीलंडमध्ये एकेकाळी जवळजवळ अशाच, वर मर्यादा नसलेल्या पॉलिसी सर्रास मिळत. २०१० आणि २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपांनंतर, २०१३ पासून, कंपन्यांनी ठरावीक विमा रकमेची पद्धत आणली. आकड्याचा भार घरमालकाच्या डोक्यावर आला.

(दृश्य: नव्या घराचा सांगाडा, भिंतीत भरलेलं जाड उष्णतारोधक.)

आता सगळ्यात दुर्लक्षित कव्हर, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं: बदललेल्या बांधकाम नियमांचं. तुमचं घर तीस वर्षांपूर्वीच्या नियमांनी बांधलेलं, पण परवानगी आजच्या नियमांनी मिळते. वायरिंग नवं, जिना रुंद, भिंती जाड. कधी अर्धं वाचलेलं घरही पाडावं लागतं. मूळ विमा ‘जसं होतं तसं’ देतो, वरचा फरक तुमचा. लुईसव्हिलने आगीच्या काही आठवडे आधीच ऊर्जाबचतीचे कडक नियम स्वीकारले होते. पुढे आगग्रस्तांना जुन्या नियमांनी बांधायची मुभा द्यावी लागली. प्रत्येक गाव अशी मुभा देईलच असं नाही.

ढिगारा उचलायचा खर्चही विसरू नका. पाया फोडून नेणं स्वस्त नसतं, आणि काही पॉलिसींत तो पैसा घराच्याच रकमेतून कापला जातो.

पण या सगळ्या टक्क्यांत एक खोच आहे. ते मोजले जातात मूळ विमा रकमेवर. घराला १०० लागणार आणि विमा ६० चा असेल, तर ५० टक्के जादा घेऊनही हातात ९० च येतात. वर कव्हर घेतल्याचं समाधान असतं, म्हणून मूळ आकडा कोणी तपासत नाही.

(दृश्य: पॉलिसीच्या नूतनीकरणाचा कागद. बोट एका ओळीवर थांबतं.)

‘बांधकाम क्षेत्रफळ.’ पॉलिसी काढली तेव्हा लिहिलेलं. मागच्या बाजूला नंतर वाढवलेली खोली यात धरली आहे का?