शस्त्र उचलण्याची शपथ

अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्यांच्या अर्जात १९२० च्या दशकात बाविसावा प्रश्न असा होता: गरज पडल्यास या देशाच्या रक्षणासाठी तुम्ही शस्त्र हाती घ्याल का? हंगेरीतून आलेल्या रोझिका श्विमर यांनी आपण स्वतः शस्त्र उचलणार नाही, असे उत्तर दिले. त्या तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या आणि सक्तीची सैन्यभरती स्त्रियांना लागू नव्हती. तरीही १९२९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारले. श्विमर यांचा युद्धविरोध धर्मातून आलेला नव्हता. पण भिन्नमत नोंदवताना न्यायमूर्ती होम्स यांना युद्धाला नकार देणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक आठवले: हा देश घडवण्यात त्यांचाही वाटा आहे आणि शत्रूवरही प्रेम करा सांगणाऱ्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनावर ते इतरांपेक्षा अधिक विश्वास ठेवतात म्हणून त्यांना हाकलता येत नाही याची आपल्याला खंत वाटत असेल, असे मला आजवर वाटले नव्हते, अशा आशयाचे त्यांचे शब्द आहेत.

हा निकाल १७ वर्षे टिकला. कॅनडातून आलेल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका अर्जदाराने त्याच प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले आणि शेजारी आपल्या पंथाचे नाव नोंदवले. लष्करात बिनलढाऊ काम करायची त्याची तयारी होती. १९४६ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि परिचारिका, डॉक्टर, जखमींना वाहून नेणारे, यंत्रावर राबणारे कामगार हेही देशाचेच रक्षण करतात, हे मान्य केले. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा मजकूर हाच आहे. कारण बंदूक न उचलणारा माणूस देशाचे काहीच देणे लागत नाही, हा आरोप तो मुळातून खोडून काढतो.

१९५० च्या कायद्याने शस्त्र उचलण्याचे वचन शपथेतच घातले आणि धार्मिक श्रद्धेमुळे ज्यांना ते देता येत नाही त्यांना सूट दिली. शस्त्र धारण करण्याची हीच भाषा १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतही आहे, पण तिथे ते कर्तव्य नसून हक्क आहे. घटनादुरुस्त्यांचा प्रस्ताव मांडणाऱ्या जेम्स मॅडिसन यांच्या १७८९ च्या मसुद्यात या हक्कालगतच आणखी एक वाक्य होते: ज्याची धर्मबुद्धी शस्त्राला नकार देते, त्याच्यावर प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती होणार नाही. ते वाक्य पुढे गळले. बंदूक बाळगणाऱ्याचा हक्क घटनेत राहिला, ती न उचलणाऱ्याचा मात्र राहिला नाही.

२००८ साली न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क ठरवला. धर्मनिष्ठ शांततावादी या हक्काकडे कसा पाहतो? प्रश्न बंदुकीच्या लोखंडाचा नसतो. साधेपणाने जगणाऱ्या आणि हिंसा वर्ज्य मानणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या अनेक कुटुंबांत हरणाच्या शिकारीसाठी रायफल असते आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नाही. ती माणसावर रोखायची नाही, इथे त्यांची रेषा आहे, आणि स्वसंरक्षणाचे कारणही ती रेषा पुसू शकत नाही. कायदा जी मुभा देतो ती वापरलीच पाहिजे असे नाही. हक्क न वापरायला कोणाची परवानगी लागत नाही, शपथेतून सुटायला मात्र सूट मागावी लागते.

२ ऑक्टोबर २००६ रोजी पेनसिल्वेनियातील निकेल माइन्स इथल्या आमिश शाळेत एका बंदूकधाऱ्याने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच दगावल्या. त्याच संध्याकाळी आमिश शेजारी मारेकऱ्याच्या घरच्यांना भेटायला गेले. त्याच्या दफनविधीलाही ते उभे होते. त्यांत आदल्याच दिवसांत आपल्या मुलींना माती देऊन आलेले आईवडीलही होते. शाळेची ती इमारत दहा दिवसांनी पाडण्यात आली आणि त्या जागी गवत वाढू दिले गेले. मुलांसाठी नवी शाळा जवळच बांधली गेली.