नांदूरचा किनारा

नाताळची सुट्टी लागली की नाशिककर गाडी काढतो आणि किनारा गाठतो. डहाणू, दिवेआगर, जमलंच तर तारकर्ली. आज आपणही किनाऱ्यालाच निघालोय, पण घाट उतरायचा नाही. संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, निफाड, आणि तिथून आत चापडगाव, नांदूर मधमेश्वरची पाखरं बघायला.

निघायचं पहाटेच. निफाडची थंडी काही वेगळीच. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदार रात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. तेव्हा कानटोपी हवीच. कपडे मात्र मातकट रंगाचे घाला. लाल जॅकेटवाला माणूस पाखरांना लांबूनच दिसतो, आणि मग पाखरं काही त्याला दिसत नाहीत.

हे नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवा इथे एकमेकींना भेटतात. इंग्रजांच्या काळात, 1911 च्या सुमारास, इथे दगडी बंधारा उभा राहिला. हेतू शुद्ध शेतीचा: डाव्या-उजव्या कालव्यांतून पाणी खाली कोपरगाव, राहात्याकडे न्यायचं. पण नद्या नुसतं पाणी आणत नाहीत. दर पावसाळ्यात गाळ येत गेला, साठत गेला, बंधाऱ्यात पाणी मावेनासं झालं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच. पाखरांचं मात्र फावलं. गाळाची बेटं झाली, गुडघाभर पाण्याची तळी झाली, कडेला पाणकणसाचं उंच गवत माजलं. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि 2020 च्या जानेवारीत जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागल्याची बातमी आली. महाराष्ट्रातून या यादीत गेलेली ही पहिली जागा. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यावरून 'महाराष्ट्राचं भरतपूर' असं कौतुक तुम्ही ऐकलं असेल. मला विचाराल तर नांदूरला ही उसनी ओळख कशाला? भरतपूरला निफाडची द्राक्षं कुठे मिळतात!

चापडगावच्या मनोऱ्यावर गाइड दुर्बीण लावून देतो. गावातलाच पोरगा. आमच्यातल्या आजींनी पहिल्याच नजरेत विचारलं, "अरे बाळा, ही बदकं बुडाली की काय?"

"नाही आजी, शेपट्या वर करून खाली डोकं घातलंय. तलवार बदकं आहेत. तळाचं खातात."

शेजारी थापट्या बदक. याची चोच नीट बघा, पुढे पसरट, पावड्यासारखी. चोचीच्या कडांना बारीक दातऱ्यांची झालर असते. पाण्यावर चोच टेकवून तो पुढे सरकतो, पाणी कडेने बाहेर जातं, किडे-बिया आत राहतात. बऱ्याचदा चार-सहा जण मिळून गोल गोल फिरतात. एकाने ढवळायचं, मागच्याने खायचं. मागे केशरी-तांबूस अंगाचे चक्रवाक दिसताहेत. त्यांची वीण लडाख, तिबेट, मध्य आशियातली. हिवाळा काढायला ते खाली येतात.

पाणकणसात जांभळी पाणकोंबडी. ती एका पायात देठ धरते, चोचीने सोलते आणि आतला पांढरा गाभा तेवढा खाते. पंधरा मिनिटं आम्ही फक्त तिचं जेवण बघत बसलो. कॅमेरेवाल्यांना तिचं काही वाटत नाही, ती रोजच असते म्हणून. हा अन्याय आहे.

दुपारचं सांगण्यासारखं विशेष नाही. ऊन चढतं, पाखरं पेंगतात. पिठलं-भाकरी खाऊन घ्या.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी नक्की विचारून घ्या: कालव्यांना आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, कधी सुटणार? इथल्या पाण्याची पातळी त्यावर हलते, आणि पातळीवर पाखरं. पाणी भरलेलं असलं की बदकं आणि वारकरी. वारकरी म्हणजे काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला पक्षी, नाव शोभतंच त्याला. पाणी उतरून चिखल उघडा पडला की शेकाटे, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी, आणि लांब चोच इकडून तिकडे फिरवणारे चमचे. रोहित म्हणजे फ्लेमिंगोही उथळ पाण्यातलेच, पण ते दरवर्षी दर्शन देतील असं धरून चालू नका. पाखरं दिसली नाहीत म्हणून गाइडवर चिडणारे पर्यटक आम्ही पाहिलेत. त्या बिचाऱ्याच्या हातात ना दरवाजे, ना कालवा.

साडेचारनंतर पुन्हा हालचाल सुरू होते. भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसावरून खाली खाली तरंगत येतो आणि सगळी बदकं एकदम उठतात. आजींची मान दुखेपर्यंत दुर्बीण त्यांच्याकडेच होती, नातवंडं रांगेत.

अंधार पडायच्या आत मात्र गाडीत बसा. वाटेत दोन्हीकडे ऊस आहे. कोल्हा, मुंगूस दिसलं तर नशीब, पण निफाडच्या उसात बिबट्याही असतो, आणि तोडणी सुरू झाली की त्याचा आडोसा कमी होतो. गाइडने पोरांना दम भरला, "फोटोसाठी सरीत शिरायचं नाही. लघवीलासुद्धा नाही. डांबरी रस्ता लागेपर्यंत काचा वर."