परदेशी जाताना पीसी न्यायचा का? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

नमस्कार मंडळी!

परदेशी निघायची तारीख ठरली की घरात याद्या सुरू होतात. मसाले, लोणचं, कुकर, थंडीचे कपडे. आणि मग खोलीतल्या टेबलाकडे नजर जाते. लॅमिंग्टन रोडवर फिरून, एकेक पार्ट जुळवून असेंबल केलेला पीसी तिथे असतो. याचं काय करायचं?

लॅपटॉपचा निर्णय सोपा आहे. चालू स्थितीतला लॅपटॉप असेल तर न्या. नव्या देशातले पहिले काही आठवडे नुसते फॉर्म भरण्यात जातात: घराचा करार, बँकेचं खातं, विद्यापीठाची कागदपत्रं, जर्मनीत असाल तर पत्त्याची सरकारी नोंदणी. हे सगळं मोबाईलवर करणं म्हणजे छळ आहे. लॅपटॉपचा चार्जर बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे प्रश्न फक्त पिनचा उरतो. तोही ॲडॉप्टर न घेता सुटतो. चार्जरची भिंतीकडची वायर सुटी निघत असेल, तर तिथल्या दुकानातून तिथल्या पिनची तशीच वायर घ्या.

आणखी एक फायदा. आपल्याकडच्या कीबोर्डवर अक्षरं अमेरिकन पद्धतीने असतात. जर्मनीत घेतलेल्या लॅपटॉपवर वाय आणि झेड एकमेकांच्या जागी, फ्रान्समध्ये ए आणि क्यूची अदलाबदल. कोड लिहिणाऱ्या माणसाचा कंस शोधण्यातच दिवस जातो.

नवा लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. नव्या मशीनचा दोष असला तर तो बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांत दिसतो, आणि तेव्हा तुम्ही दुकानदारापासून हजारो किलोमीटर दूर असता. वॉरंटी त्या देशात चालते का, हेही लेखी विचारून घ्या. शिवाय युरोपीय संघात राहायला जाताना घरगुती सामान करमाफीत बसायला ते आधी किमान ६ महिने वापरलेलं असावं लागतं. बिल जवळ ठेवा.

आता डेस्कटॉप. इथे जरा थांबू या, कारण नुकसान इथेच होतं.

[स्क्रीनवर: एसएमपीएसच्या लेबलचा जवळून फोटो]

कॅबिनेटची बाजूची प्लेट उघडा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल शोधा. ‘इनपुट’पुढे काय लिहिलंय? १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल, तर तो जगात कुठेही चालेल. २०० ते २४० एवढंच असेल, तर जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये चालेल, कारण तिथला पुरवठा आपल्यासारखाच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००. तिथे त्याचा उपयोग नाही. ‘८० प्लस’चा, म्हणजे वीज कमी वाया जाते असं सांगणारा, स्टिकर पाहून निर्धास्त होऊ नका. फक्त २३० व्होल्टसाठी बनवलेल्या युनिटलाही ते प्रमाणपत्र मिळतं.

जुन्या एसएमपीएसवर मागे छोटं लाल बटण असतं, ११५ आणि २३० असं. अमेरिकेत ते ११५ वर करावं लागतं. पुढे कधी तो पीसी भारतात परत आणलात आणि बटण ११५ वरच ठेवून प्लग लावलात, तर एसएमपीएस जळालाच म्हणून समजा, आणि सोबत मदरबोर्डही जाऊ शकतो. त्या बटणावर आजच चिकटपट्टीने चिठ्ठी लावा.

लेबल ठीक आहे, म्हणून अख्खा पीसी न्यायचा का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. कॅबिनेट, एसएमपीएस, मॉनिटर इथेच राहू द्या. यूपीएसचा तर विचारही नको, त्यात शिशाची जड बॅटरी असते. चेक-इनची एक बॅग साधारण २३ किलोची, त्यात एक बॅग या लोखंडाला कशाला? पैसा खरा अडकलेला असतो ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीमध्ये. ते न्या, बाकीचा सांगाडा तिथे विकत घ्या.

कार्ड कॅबिनेटमध्ये तसंच ठेवून पाठवू नका. जड कार्ड स्लॉटवर लोंबतं, आणि बॅग आपटली की स्लॉट तुटतो. ते काढून अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, वरून बबल रॅप. लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळू नका, घर्षणाने स्थिर वीज तयार होते. मदरबोर्डही नेणार असाल, तर प्रोसेसर त्यावरच राहू दिलात तर उत्तम, पिना वाकायची भीती कमी. प्रोसेसरवरचा कूलर उंच असेल तर तेवढा काढा.

डेटाच्या दोन प्रती करा. एक हातातल्या बॅगेत, एक घरी. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्याही हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-अवरच्या पुढे विमान कंपनीची परवानगी लागते.

आणि एक गोष्ट, जी पॅकिंगच्या गडबडीत राहून जाते. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे एसएसडीवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल आणि तुम्ही तुमची एसएसडी तिथल्या नव्या मदरबोर्डवर लावली, तर ती रिकव्हरी की मागेल, ४८ अंकी. ती की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खात्यात शिरायला ओटीपी लागतो. ओटीपी येतो भारतातल्या सिमवर, आणि त्या सिमला रोमिंग नसेल तर तो येतच नाही. म्हणून निघण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये जा, ती की कागदावर उतरवा, आकडे दोनदा ताडून पाहा आणि कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. एक प्रत आईबाबांकडे द्या.