पप्पांच्या काट्यावर

(दृश्य: रात्र. अर्धं खाली ओढलेलं शटर, एकच ट्यूबलाइट. शेंगदाण्याची पोती. काट्यावर पितळी परात.)

कराडला पप्पांचं भुसार मालाचं दुकान आहे. दिवसभर या काट्यावर तूरडाळ, शेंगदाणे, साखर जोखली जाते, आणि मागच्या वर्षी काही आठवडे रोज रात्री नऊनंतर याच काट्यावर माझी मुलगी जोखली जायची. आधी परात ठेवायची, परातीत आजीच्या जुन्या लुगड्याची घडी, मग पप्पा काटा झिरो करायचे, मग मी तिला उघडी करून अलगद ठेवायची आणि आम्ही दोघं त्या लाल आकड्यांकडे बघत बसायचो. तिने पाय झाडले की आकडे पळायचे. 4.870. 4.915. 4.895. पप्पा म्हणायचे, "915 धरूया." म्हणजे गिऱ्हाइकाला कधी पाच ग्रॅम कमी न दिलेला माणूस नातीच्या बाबतीत वीस ग्रॅम मारायला तयार होता.

आणि तो आकडा मग कॅलेंडरवर लिहायचा, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी.

(दृश्य: कॅलेंडरचं पान. पेन्सिलीने लिहिलेले आकडे. काही खोडून परत लिहिलेले.)

बाळंतपणाला मी माहेरी आले होते. जन्माचं वजन 2 किलो 700. चौथ्या दिवशी 2 किलो 500 भरलं तेव्हा मी खूप रडले, पण ते नॉर्मल असतं, पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोनेक आठवड्यांत जागेवर येतं, आमचंही बाराव्या दिवशी आलं. पुढे पहिले तीन महिने दिवसाला सरासरी 20 ते 30 ग्रॅम वाढावं अशी अपेक्षा असते. दीड महिन्याच्या लसीला साडेतीन किलो, अडीच महिन्यांच्या लसीला 4.2, साडेतीन महिन्यांच्या लसीला 4.7. आणि चार महिने पूर्ण झाले त्या दिवशी 4.9.

अंगणवाडीच्या ताईंनी कार्ड उघडून ठिपका दिला. ते माता-बाल संरक्षण कार्ड बघितलं असेल तुम्ही, मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा, वर हिरवा पट्टा, त्याखाली पिवळा, त्याखाली केशरी. आमचा ठिपका हिरव्यातून घसरून पिवळ्याच्या कडेला जाऊन बसला. ताई काही वाईट बोलल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवून घ्या बरं का." पण घरी येईपर्यंत माझे पाय लटपटत होते.

घरात काकू म्हणाली, हे असले चार्ट फॉरेनच्या पोरांचे असतात, आपली मुलं बारीकच असतात. हे मीही तेव्हा खरं मानलं, बरं वाटलं ना ऐकायला. पण ते चूक आहे. हा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली काढला तो सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांवरून, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि सहावा देश आपलाच, दक्षिण दिल्लीतली मुलं आहेत त्यात. नीट आईचं दूध मिळालं, घरात बरी परिस्थिती असली तर सहाही ठिकाणची लेकरं जवळजवळ सारखीच वाढली, हेच तर त्या अभ्यासात दिसलं. आणि "आपली बारीकच असतात" म्हणून सोडून देण्याइतकी परिस्थिती आपल्याकडे नाहीये, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 36.1 टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली.

(दृश्य: बाळाची दुपटी वाळत घातलेली. वाऱ्यावर हलणारी एक पिवळी लंगोट.)

त्याच आठवड्यात लंगोटीत रक्त दिसलं.

जास्त नाही, शेंबडासारख्या चिकट शी मध्ये लाल दोऱ्यासारख्या दोन रेषा. मी ती लंगोट उजेडात नेऊन बघितली, मग आईला दाखवली, मग फोटो काढून नवऱ्याला पुण्याला पाठवला, तो ऑफिसातून धावत जिन्यात आला फोन करायला. गालांवर थोडं खरखरीत लालसर पुरळ आधीपासून होतंच. आजी म्हणाली, "दिष्ट लागलीया पोरीला, मीठ-मोहऱ्या उतरा," आणि उतरल्यासुद्धा. मी मात्र रात्री तिला पाजता पाजता मोबाइलवर वाचत बसले आणि पहाटेपर्यंत माझं पक्कं झालं होतं, की हिला अॅलर्जी आहे, माझ्या दुधातून काहीतरी जातंय, म्हणूनच वजन वाढत नाहीये.

इथून पुढे मी जे केलं ते सांगते कारण असं करणारी मी एकटी नाही.

दूध बंद केलं. मग दही, ताक. चार दिवसांनी अंडं. मग गहू. मग शेंगदाणे, भुसाराच्या दुकानदाराच्या पोरीने शेंगदाणे सोडले. मग वांगं, मग तूरडाळ, कारण एकीने सांगितलं डाळीने गॅस होतो. बाळंतिणीच्या ताटात उरलं काय, तर भात, दुधी आणि मीठ. डिंकाचे लाडू डब्यात तसेच, आई रोज झाकण उघडून बघायची आणि काही न बोलता बंद करायची. तीन आठवड्यांत माझंच पाच किलो वजन उतरलं. यात भर म्हणजे एका लॅबमधून ती दोनशे पदार्थांची एकत्र टेस्ट करून घेतली, सहा हजार रुपये, लेकराच्या दंडातून रक्त काढताना मला बाहेर उभं राहावं लागलं. रिपोर्टमध्ये काय, तर तांदूळ, मूग, केळं, दूध, सगळंच लाल रंगात.

आता कळतंय की असल्या आयजीजी टेस्टचा (आयजीजी म्हणजे रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) अॅलर्जी ठरवायला उपयोगच नसतो, शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली एवढंच ती सांगते. अॅलर्जीच्या दुसऱ्या, आयजीई नावाच्या प्रतिपिंडांच्या टेस्टचंही जपून घ्यावं लागतं. कर्नाटकात मोठ्या माणसांवर एक अभ्यास झाला होता, त्यात साधारण चौघांत एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खाऊन खरोखर त्रास होतोय असं दिसणारे शंभरात जेमतेम एक. म्हणजे रिपोर्ट लाल आला म्हणून ताट रिकामं करायचं नसतं. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

(दृश्य: दवाखान्यातला बाकडा. भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक.)

बालरोगतज्ज्ञ मॅडमनी रिपोर्ट बघितला, घडी केली आणि मला परत दिला. मग कॅलेंडरची पानं मागितली, हो, मी पानं फाडून नेली होती. त्यांनी विचारलं, "रोज वजन करता?" मी अभिमानाने हो म्हटलं. त्या हसल्या. म्हणाल्या, एका वेळचं दूध म्हणजे काट्यावर 80-100 ग्रॅम, एक शी-शू 50 ग्रॅम, आणि तुम्ही त्यात रोजचे 20 ग्रॅम शोधताय. आठवड्यातून एकदा करा, त्याच काट्यावर, कपडे काढून, साधारण त्याच वेळी. आणि एका ठिपक्याकडे बघू नका, रेघ कुठे चाललीय ते बघा. बारीक मुलगी आपली रेघ धरून चालत असेल तर काळजी कमी, पण चांगली चाललेली रेघ आडवी पडायला लागली की शोधायचं.

आमची आडवी पडत होती. त्यामुळे शोधायचं होतंच.

आणि मग त्यांनी जे म्हटलं त्याने माझ्या डोक्यातली गाठ सुटली. "रक्ताचं आणि वजनाचं कारण एकच आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच नव्हतं सांगितलं. मीच दोन दोरे एकत्र वळले होते. नुसतं अंगावर पिणाऱ्या बाळाला गाईच्या-म्हशीच्या दुधातल्या प्रोटीनचा त्रास असला आणि त्याने आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आली तर शी मध्ये अशा रेषा दिसतात, पण अशी बाळं बहुतेक वेळा हसतीखेळती असतात आणि वजनही घेतात. म्हणजे रक्त हे एक प्रकरण आणि वजन हे दुसरं प्रकरण असू शकतं. म्हणून त्यांनी आधी लघवी तपासली, तान्ह्या बाळांत लघवीचं इन्फेक्शन ताप न येताही असू शकतं आणि वजन अडतं, ते नॉर्मल आलं. हृदयाचे ठोके नीट ऐकले. मग म्हणाल्या, आता इथे बसून पाजा, मला बघू दे.

(दृश्य: आईचा हात, बाळाची हनुवटी. चेहरे नाहीत.)

चार महिने पाजत होते मी. कोणी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर लाज वाटली. त्या दहा मिनिटं नुसत्या बघत होत्या आणि ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ऐका, चोखतेय भरपूर पण गिळल्याचा आवाज किती कमी येतोय. ती नुसतं टोक तोंडात धरून चोखत होती, पाच-सात मिनिटांत दमून झोपायची आणि आम्ही म्हणायचो पोट भरलं. त्यांनी तिला आडवा हात करून जवळ घेतलं, हनुवटी छातीला टेकवली, तोंड मोठं उघडल्यावर पटकन जवळ ओढायला लावलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, खालच्या बाजूचा काळा भाग जास्त तोंडात. आणि मग गटक, गटक, गटक. तो आवाज मी आधी ऐकलाच नव्हता हो. (आयआयटी मुंबईने स्तनपानाची पकड दाखवणारे मराठी व्हिडिओ केलेत, मला ते नंतर सापडले, बाळंतपणाआधी बघावेत असे आहेत.)

एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्यायची, मगच दुसरी, कारण शेवटी येणारं दूध जास्त घट्ट, स्निग्ध असतं. आणि तिसरा मुद्दा आजीचा. आजी दिवसातून दोनदा बाळगुटी उगाळायची, सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, खारीक, वर उन्हाळा म्हणून चार-पाच चमचे उकळलेलं पाणी. प्रेमानेच. पण एवढ्याशा पोटात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं. सहा महिने दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. हे आजीला सांगायचं काम माझ्या आईने केलं, मला जमलं नसतं. आजी दोन दिवस बोलली नाही कुणाशी.

आता रक्ताचं. माझं ताट मला परत मिळालं, शेंगदाणे, डाळ, वांगं, गहू, अंडं सगळं, बंद फक्त दूध आणि दुधाचं जे जे असेल ते. यात लपलेलं दूधही आलं, बिस्किटं, ब्रेड, पेढा, पाकिटावर बारीक अक्षरात मिल्क सॉलिड्स लिहिलेलं. शेळीचं दूध चालेल का विचारलं, तर नाही, त्यातली प्रोटीनं इतकी सारखी असतात की बहुतेक बाळांना त्याचाही त्रास होतो. मॅडमनी काही महिने तूपही बंद ठेवलं. मला कॅल्शियमच्या गोळ्या, आणि नाचणी, तीळ भरपूर. दहाएक दिवसांत रेषा थांबल्या. मला वाटलं झालं, सिद्ध झालं. पण मॅडम म्हणाल्या नाही झालं, आपोआपही थांबतं कधीकधी, चौथ्या आठवड्यात तुम्ही परत दूध प्या.

बरं वाटायला लागल्यावर मुद्दाम बिघडवायचं, यासाठी छाती लागते. मी रोज एक कप चहा आणि वाटीभर दही घ्यायला लागले. तिसऱ्या दिवशी लंगोटीत रेष. म्हणजे दूधच होतं, आणि फक्त दूधच होतं. काढलं, थांबलं, दिलं, परत आलं, याच्याइतकी पक्की टेस्ट त्या सहा हजारांत नव्हती.

पण ही परत देऊन बघायची पद्धत सगळ्यांना चालत नाही. काही खाल्ल्यावर मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, सारख्या उलट्या, श्वासाला घरघर, बाळ मलूल, असं झालं तर घरी काहीही करून बघायचं नाही, थेट हॉस्पिटल.

(दृश्य: पुन्हा काटा, आता दिवसा. परातीत बाळ उपडं होऊन मान वर काढतंय.)

सहा महिन्यांना 5 किलो 980. कार्डावर परत हिरवा. उष्टावण झालं, मामाच्या मांडीवर, फक्त खिरीऐवजी गुळाची नाचणीची पेज, तीही पाण्यातली, घरातल्या एका पाहुण्याने तोंड वाकडं केलं. मॅडमनी एकच खूण सांगितली होती, चमचा तिरका केला तरी घास पटकन ओघळायला नको. वरणाचं पाणी, भाताची निवळ याने पोट भरतं आणि वजन वाढत नाही. डाळ-तांदूळ घट्ट घोटून, वर तेल. आणि शेंगदाण्याचं बारीक कूट, कालवून, अख्खा दाणा कधीच नाही कारण घशात अडकतो. शेंगदाण्याला मी घाबरत होते. पण लंडनमध्ये 640 बाळांवर एक प्रयोग झाला, 2015 साली त्याचा निकाल आला, तिथली ही सगळी बाळं अंड्याच्या अॅलर्जीमुळे किंवा तीव्र एक्झिमामुळे (खाजरं, कोरडं पुरळ) जास्त धोक्यातली, आणि त्यातल्या ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. धोका जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करायचं. आमचं पुरळ किरकोळ होतं, आम्ही घरीच केलं. पप्पांनी त्या कुटासाठी पोत्यातले दाणे एकेक निवडून, भाजून, सालं पाखडून दिले, किडका म्हणून नाही की खवट म्हणून नाही.

अकराव्या महिन्यात दुधाचं बिस्किट, पाव तुकडा. मग अर्धा. मग पराठ्याच्या कणकेत थोडं दही. चार-चार दिवस थांबून, डायपर उजेडात नेऊन बघून. काही नाही. वाढदिवसाला 7 किलो 700, आणि पप्पांनी या वेळी काही धरलं नाही, जे होतं तेच सांगितलं.

त्या दिवशी दुपारी वरणभात कालवला होता. आजी तुपाची वाटी घेऊन शेजारी येऊन बसली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने चमच्याच्या टोकावर येईल एवढं तूप घातलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि मग मी काही बोलायच्या आत अख्खा चमचा.